वन्सं, जरा या हो!

वन्संनी माझ्याशी बोललेलं शेवटचं धड वाक्य कॉम्प्युटरबद्दल होतं. पाणी हवं, उशी वर करा, असलं काही नाही… "वहिनी, कॉम्प्युटर तुमच्या नावानं उघडत जा." नाकातली नळी सावरत, दोन दमांत बोलल्या. मी म्हटलं, "बरं, आधी तुम्ही घरी या, मग बघू कॉम्प्युटरचं." मला काही ना काही शिकवायचा त्यांना जन्माचा सोस. तो हॉस्पिटलच्या खाटेवरही सुटला नाही, असं मनात येऊन मला जरा हसूच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी डब्यात मऊ भात भरत होते, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. डब्याला झाकण लावायचं राहूनच गेलं. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

कुंदावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, पण मानानं मी मोठी, म्हणून आम्ही शेवटपर्यंत एकमेकींना अहो-जाहो करत राहिलो. त्यांनी लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात नोकरी केली, आणि मी लग्न होऊन नौपाड्यातल्या या घरात आले तेव्हापासून आम्ही एकाच छपराखाली राहिलो. नणंद-भावजय म्हटलं की लोक लगेच भांड्याला भांडं लागण्याच्या गोष्टी काढतात. आमच्याकडेही लागत होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पण आवाज बाहेर गेला नाही. एकच गोष्ट मला खरोखर लागली होती. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी लेकीच्या हातात दिला, माझ्या नाही. तोवर या घरात माझी कितीतरी वर्षं पोळ्या लाटण्यात गेली होती. कुणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही, पण ते मनात राहिलं. ठेवणीतली चांदीची वाटी काढायची असली तरी मी स्वयंपाकघरातून हाक मारायची, "वन्सं, जरा या हो!" आतून उत्तर यायचं, "आले हं वहिनी." यायच्या, कपाट उघडून द्यायच्या, पुन्हा लावून जायच्या. एकदाही त्यांच्या कपाळावर आठी दिसली नाही, आणि 'या घ्या किल्ल्या, ठेवा तुमच्याकडे' असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर बायका भजनीमंडळात जातात, वन्संनी कॉम्प्युटरचा क्लास लावला. टेंभी नाक्याजवळ एका जिन्यावरच्या खोलीत तो क्लास होता. नातवंडांच्या वयाच्या पोरांमध्ये पहिल्या बाकावर बसायच्या. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते, तरी देवीच्या दर्शनाच्या गर्दीतून वाट काढत जायच्या आणि येताना प्रसादाबरोबर काहीतरी नवीन शिकून यायच्या. मग घरी कॉम्प्युटर आला, आणि पहिल्याच महिन्यात ह्यांनी त्याची वाट लावली. आमचे हे भोळे सांब. 'अभिनंदन, तुम्हाला मोटार लागली आहे' असं पडद्यावर आलं की मोटार घ्यायला धावायचे, म्हणजे तिथे बटण दाबायचे. मशीन असं काही बिघडलं की उघडायलाच अर्धा तास लागायला लागला. वन्संनी ते निस्तरलं आणि कडक कायदा केला. पडद्यावर तीन नावं आली. कुंदा, दादा आणि वहिनी. आपण ज्यांना जे म्हणतो तेच त्यांनी लिहिलं. त्यातल्या कुंदा या नावाला सगळे हक्क. तिला म्हणे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. नवीन काही घालायचं, काही बदलायचं, तर पडद्यावर चौकट येणार आणि कुंदाचा पासवर्ड मागणार. हे चिडले. "कुंदे, मी तुझा मोठा भाऊ आहे!" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच, दादा."

मला त्याचं काही वाटलं नाही. किल्ल्यांचं झालं तेच इथे झालं, एवढंच मनात आलं. मशीन सुरू केलं की ह्यांचंच नाव आधी समोर यायचं, कारण दिवसभर तेच त्यावर बसायचे. मीही त्याच नावावर बातम्या वाचायची, मुग्धानं, म्हणजे आमच्या लेकीनं, पाठवलेले फोटो बघायची. चौकट आली की माझी हाक ठरलेली. त्या आपल्या खोलीतून यायच्या, टकटक करून पासवर्ड घालायच्या आणि जायच्या. मागे एकदा मी मटार सोलत बसले होते. त्या शेजारी येऊन म्हणाल्या, "वहिनी, एक शब्द सांगा. काही झालं तरी विसरणार नाही असा." मी माझ्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. "तुमच्या नावाला पासवर्ड ठेवते," म्हणाल्या. मी म्हटलं, "ठेवा बाई, मला कुठे लागणार आहे?" आणि मटार सोलत राहिले.

त्या कॉम्प्युटरवर त्यांचं खरं काम वेगळंच होतं. डोंबिवलीच्या त्यांच्या एका मैत्रिणीनं त्यांची कल्याणच्या सुजाताशी गाठ घालून दिली होती. सुजाता एका ऑफिसात टेलिफोन सांभाळते, तिला डोळ्यांनी दिसत नाही, आणि नोकरी करता करता इतिहासात एम.ए. करतेय. तिची पुस्तकं वन्सं आपल्या खोलीत मोठ्यानं वाचून छोट्या रेकॉर्डरवर घ्यायच्या, आणि मग रेकॉर्डर रिकामा करून ते सगळं बाहेरच्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या. दुपारी, सगळी कामं आटपली की दार लोटून घ्यायच्या. बाहेरच्या रिक्षा, भंगारवाला, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, सगळ्यांशी झगडत वाचायच्या. माझी हाकही मध्येच जायची. मला कधी कळलंच नाही की त्या वेळी यंत्र चालू असतं… त्या आपल्या उठून यायच्या.

तेराव्यानंतर सुजाताचा फोन आला. मी नुसतं 'हॅलो' म्हटलं, तर ती म्हणाली, "तुम्ही वहिनी ना?" आम्ही कधी भेटलो नव्हतो, बोललोही नव्हतो. मला नवल वाटलं, पण दिसत नाही त्यांचे कान तिखट असतात म्हणून मी ते सोडून दिलं. ती खूप अवघडून बोलत होती. "काकू, आत्ता विचारू नये, कळतंय मला. पण कुंदाताईंनी शेवटचं पुस्तक वाचत आणलेलं. पेन ड्राइव्हवर देते म्हणालेल्या, आणि मग त्या अ‍ॅडमिट झाल्या. माझा पेपर पुढच्या महिन्यात आहे. दुसरं कोणी वाचेल हो, पण एवढं पुस्तक आता परत कधी वाचून होणार?" मी म्हटलं, "काळजी करू नकोस, पाठवते." आपण किती सहज शब्द देतो!

ह्यांनी कॉम्प्युटर लावला. वन्संची सगळी वाचनं त्यांच्या नावाखाली होती, आणि ती उघडायला गेलं की चौकट यायची, कुंदाचा पासवर्ड द्या. ह्यांनी सासूबाईंचं नाव घालून बघितलं, कुलदेवतेचं घातलं, वन्संच्या शाळेचं घातलं. मग म्हणाले, "माझ्या बहिणीच्या मनात कुठला शब्द असेल, तेही मला सांगता येत नाही गं." त्यांचे डोळे भरून आले. मी चहा टाकायला आत गेले, कारण माझेही भरले होते. शेवटी स्टेशनजवळच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं. त्यानं बराच वेळ खटपट केली आणि म्हणाला, "काका, डिस्क लॉक आहे, बाहेर काढून पण वाचता नाही येणार. फॉरमॅट मारून देतो, मशीन एकदम नव्यासारखं होईल." मी विचारलं, "आणि आतलं?" तो म्हणाला, "आतलं जाणार, काकू." हे म्हणाले, निदान मशीन तरी वापरता येईल. सोमवारी तो न्यायला येणार असं ठरलं. मला जेवण जाईना. एकीकडे सुजाताचा पेपर, आणि दुसरीकडे वन्संचा आवाज. आमच्यापुरता तो आवाज आता फक्त त्या पेटीत होता, आणि तो पुसायला आम्ही स्वतः माणूस बोलावला होता.

रविवारी दुपारी हे झोपले होते. उद्या जायचंय म्हणून मी कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला बसले. पुसता पुसता मशीन चालू केलं. दादा हे नाव आलं. आणि मला ते वाक्य आठवलं. कॉम्प्युटर तुमच्या नावानं उघडत जा… इतक्या दिवसांत हे सुचलं कुणाला? ह्यांना नाही, दुकानवाल्याला नाही, मला तर नाहीच. वहिनीला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही हे घरात इतकं पक्कं होतं, की त्या नावाकडे कुणी बघितलंच नव्हतं. मी कोपऱ्यातलं वहिनी दाबलं. पासवर्ड मागितला. मी माझ्या गावाचं नाव घातलं. (इथे ते लिहीत नाही, मुग्धानं बजावलंय.) उघडलं. मग ह्यांना करताना पाहिलं होतं तसं कुंदा नावाच्या फोल्डरवर गेले. चौकट आली. पण या चौकटीत पासवर्डची जागाच नव्हती. हो की नाही, एवढंच विचारत होती. मी 'हो' दाबलं. फोल्डर उघडलं. आत सुजाता नावाखाली ओळीनं धडे लावलेले, एखादी बाई फडताळात बरण्या लावते तसे.

मी बाळकुमला राहणाऱ्या मुग्धाला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, तू अ‍ॅडमिन आहेस. बाबांना पासवर्ड मागतं, तुला फक्त परवानगी विचारतं." मी म्हटलं, चुकून झालं असेल. "नाही गं, हे आपोआप होत नाही. आत्यानं दिलेत तुला हक्क. पासवर्ड ठेवला तेव्हाच दिले असतील." म्हणजे मटार सोलत होते त्या दिवशीच. त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या. दोन वर्षं मी हाका मारत होते, आणि त्या खोलीतून उठून येत होत्या. 'तुमच्याच नावानं उघडा की' असं तेव्हा का नाही म्हणाल्या? मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, माझ्या हाकेची त्यांना सवय झाली होती, आणि ती बंद व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं. सासूबाईंच्या जुडग्याचं जे मनात धरून बसले होते, ते त्या दुपारी कुठे गेलं कोण जाणे. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

धडे ऐकले तेव्हा आणखी एक कळलं. वन्संचा तो स्वच्छ, थोडा मास्तरीण छापाचा आवाज. पेशवाई चाललेली असते, तह होत असतात, आणि मध्येच लांबून कुणीतरी खणखणीत ओरडतं, "वन्सं, जरा या हो!" वाक्य पूर्ण होतं, "आले हं वहिनी" येतं, खुर्ची सरकते, थोडा वेळ नुसता पंखा… आणि पुन्हा तह. मी शरमून सुजाताला फोन केला, म्हटलं, मुग्धा ते कापून देईल. ती म्हणाली, "नको नको, असू दे. इतकी वर्षं ऐकतेय तुम्हाला. तुमची हाक आली की मीही उठून पाणी पिऊन येते." मग कळलं, 'हॅलो'वरच तिनं मला कसं ओळखलं ते.

शेवटचा धडा अर्ध्यावर थांबला होता. उरलेला मी वाचायला घेतला. वन्संच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीवर, दार लोटून, त्यांचाच रेकॉर्डर लावून. अडखळत वाचत होते, सन चुकले की परत म्हणत होते. शेवटचं पान आलं आणि बाहेरून ह्यांची हाक आली, "अगं, जरा ये गं! हे परत पासवर्ड मागतंय." ह्यांच्या नावाखाली प्रिंटरचं काहीतरी अडलं होतं. मी वाक्य पूर्ण केलं, "आले हं" म्हटलं आणि उठले.

ते मी कापलं नाही, तसंच सुजाताला दिलं.