छत्रीवाल्यांची लूर्डस

लूर्डस तुस्कानोला हसू आवरत नसे. एकदा मिस्सा चालू असताना तिला कसली तरी गंमत आठवली आणि ती अशी फुटली की शेजारची रिटा हसली, रिटाच्या मागचा बाक हसला, आणि शेवटी फादरांनी उपदेश अर्ध्यावर सोडून सरळ प्रार्थना सुरू केली. आगाशीपासून दोन कोसांवरच्या मोरभाट गावात एवढ्यासाठी तिला सगळे ओळखत. राजकारणाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तो आला १९७९ साली, आणि तोही मुळ्याच्या जुडीमुळे.

तेव्हा लूर्डस एक्केचाळीस वर्षांची होती. नवरा फर्डिनंड वाडीत वांगी, पालक, मुळा आणि केळी पिकवायचा. ती तांबडं लुगडं नेसून, डोक्यावर टोपली घेऊन पहाटे निघायची, विरारहून साडेपाचची गाडी धरायची आणि पार्ल्याच्या बाजाराबाहेर बसून माल विकायची. सतरा वर्षं हाच क्रम. गावातल्या साठ-पासष्ट बाया अशाच जायच्या. त्यात ख्रिस्ती होत्या तशा हिंदूही होत्या. लूर्डसच्या शेजारची मंदा राऊत केळफुलं आणि विड्याची पानं घेऊन तिच्याच बाजूला बसायची.

पूर्वी या बायांसाठी गावातून पहाटेची एसटी होती. दोन पावसाळ्यांपूर्वी रस्त्यावरची मोरी खचली, एसटी बंद झाली आणि तेव्हापासून सगळ्यांची पायपीट सुरू झाली. सरपंच बेसिल लोपीस यांना सांगून सांगून बायांच्या जिभेला फोड आले. ‘बघतो’ एवढं एकच उत्तर त्यांच्याकडे होतं. मात्र त्यांच्या स्वतःच्या वाडीकडे जाणारा रस्ता त्याच सुमारास खडी पडून गुळगुळीत झाला होता.

बेसिल लोपीस प्रगती पक्षाचे. त्यांची निशाणी शिडी. समोर होता लोकहित पक्ष, त्याची निशाणी छत्री. एके काळी पंचायत छत्रीवाल्यांकडे होती, पण आता नऊ जागांपैकी जेमतेम दोन उरल्या होत्या. पक्षाचे पुढारी एकनाथ सावे, म्हणजे सावेगुरुजी. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले, धोतर स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं आणि आवाज असा की सभेत मागच्या रांगेला झोप लागावी.

निवडणूक दोन महिन्यांवर आली तेव्हा गुरुजींनी आपल्या ओटीवर पक्षाची बैठक बोलावली. पाच माणसं जमली. सत्ता परत कशी आणायची यावर गुरुजींनी सतरा कलमांचं पत्रक लिहून आणलं होतं. ते नवव्या कलमावर होते तेव्हा लूर्डस त्यांच्या घरी मुळ्याची जुडी द्यायला आली आणि ओटीच्या खांबाला टेकून ऐकत उभी राहिली.

“मागच्या वेळी तिन्ही वॉर्डांत मिळून आपण छत्तीस मतांनी मागे पडलो,” गुरुजी म्हणाले. “फक्त छत्तीस! आपला विचार लोकांपर्यंत पोचला नाही, हे त्याचं कारण.”

“गुरुजी,” लूर्डस म्हणाली, “विचार पोचला होता. मीच नव्हते पोचले.”

“म्हणजे?”

“मी छत्रीचीच. पण मत कुठे दिलं? त्या दिवशी मी पार्ल्यात वांगी विकत होते. घरी आले तेव्हा शाळेला कुलूप.”

गुरुजींनी चष्मा काढला. “मंदाने दिलं होतं?”

“मंदा माझ्या शेजारी बसली होती की. रिटा पण. आम्ही कोणीच नव्हतो. बाजार चुकवला तर काढलेल्या भाजीचं काय करायचं?”

मग एकाने बोटांवर बाया मोजायला सुरुवात केली. त्याची बोटं संपली तशी शेजाऱ्याची धरली. त्रेसष्ट झाल्या. गुरुजींनी सतरा कलमांचं पत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि आतल्या बाजूला ओरडले, “अहो, चहा टाका! लूर्डसबाईंना बसायला पाट द्या!”

त्या चहावरच तिची उमेदवारी ठरली. बायकांच्या दोन राखीव जागांसाठी गुरुजींना बाई मिळत नव्हती. “मला सहीपुरतंच लिहिता येतं,” ती म्हणाली. “बेसिललाही तेवढंच येतं,” गुरुजी म्हणाले, आणि लूर्डस जी हसायला लागली ती घरी पोचेपर्यंत हसत होती.

खरा पेच पुढेच होता. मतदान गुरुवारी, आठ ते पाच. त्या दिवशी त्रेसष्ट बायांनी घरी राहायचं तर त्रेसष्ट टोपल्यांचं काय? गाडीच्या डब्यात टोपल्या मध्ये ठेवून रोज यावर खल व्हायचा. पार्ला येईपर्यंत कोणाला उपाय सुचत नसे. एके दिवशी रिटा वैतागून म्हणाली, “जाऊ देत की पुरुषांना एक दिवस! रोज ऐकवतात ना, बाजारात नुसतं बसायचं तर असतं म्हणून?”

मंदाने लूर्डसकडे बघितलं. लूर्डसने रिटाकडे बघितलं. घरोघरचे बरेचसे नवरे शिडीवाले होते, हे तिघींना एकदमच आठवलं. मग डब्यात जो काही हशा उसळला तो ऐकून पुढच्या स्टेशनावर चढणाऱ्या बाया दारातच थबकल्या.

गुरुजींना मात्र हे पटेना. “बाय, ही फसवणूक नाही का?”

“कसली फसवणूक? आम्ही कोणाला कोंडून ठेवतोय का? बाजार उरकून यावं, पाचच्या आत मत द्यावं. आम्हाला जमलं नाही म्हणून त्यांना जमणार नाही असं थोडंच आहे?”

गुरुजी विचारात पडले. मग त्यांच्या मिशीखाली हळूहळू हसू पसरलं. एवढ्या वर्षांत ते कोणी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना लूर्डसने सहज विषय काढला. “गुरुवारी मी उमेदवार. मला शाळेपाशी थांबावं लागणार. वांगी तर बुधवारी काढायचीच आहेत. तुम्हाला काय बाजार जमायचा नाही.”

“जमायचा नाही?” फर्डिनंडने घास खाली ठेवला. तो बेसिलचा बालमित्र, कट्टर शिडीवाला. बायको छत्रीवर उभी राहिली तरी त्याने शब्द बदलला नव्हता, आणि तिनेही बदलायला सांगितलं नव्हतं. “नुसतं बसून तर विकायचं. बारा वाजता घरी येतो बघ. जेवून, आंघोळ करून मत द्यायला जातो.”

“या हो बारा वाजता,” लूर्डस म्हणाली आणि हसू लपवायला चुलीकडे वळली.

गुरुवारी पहाटे मोरभाटाच्या रस्त्यावर सेहेचाळीस पुरुष डोक्यावर टोपल्या घेऊन निघाले. कोणाची चुंबळ घसरत होती, कोणाची मान आखडत होती. खचलेल्या मोरीपाशी सॅन्टन नावाचा तगडा गडी पालकासकट खाली ओघळात गेला आणि पाठोपाठ त्याला काढायला गेलेला माणूसही. बाया आपापल्या अंगणातून हे बघत होत्या. तोंडात पदर कोंबून कोंबून त्यांचे गाल दुखायला लागले.

आठ वाजता शाळेपुढे तांबड्या लुगड्यांची रांग लागली. बाया कानात सोन्याच्या कुड्या घालून, केसांत अबोली माळून आल्या होत्या, जणू कोणाच्या लग्नालाच. कित्येकींचं आयुष्यातलं हे पहिलं मत. बोटाला शाई लावून बाहेर आल्यावर एकमेकींना बोटं दाखवत होत्या. सावेगुरुजी धोतराचा सोगा खोचून घरोघर धावत होते. एका आजीला त्यांनी खुर्चीसकट उचलवून आणलं. आजी म्हणाल्या, “सावकाश रे, मी काय गणपती हाय?”

बाराच्या सुमारास बेसिल लोपीस शाळेपाशी आले. त्यांनी रांग बघितली, मग पुन्हा बघितली. “आपले पुरुष कुठे गेले?”

“बाजारात,” मंदा म्हणाली.

“सगळे?”

“भाजी थांबत नाही ना, सरपंच.”

पार्ल्यात काय झालं ते नंतर आठवडाभर गाव ऐकत होतं. फर्डिनंडने वांग्यांचा एकच भाव सांगितला आणि तो भांडून टिकवला. कोणी वर कोथिंबीर मागितली तर तो म्हणे, “फुकट कशाला?” एका गिऱ्हाइकाने वांगं दाबून बघितलं म्हणून त्याने टोपलीच मागे ओढली. कढीपत्ता न दिल्यामुळे सॅन्टनचं तीन बायांशी वाजलं. दुपारी दीड वाजता अर्धी भाजी तशीच. ऊन चढलं, पालक मलूल झाला आणि पुरुषांचे चेहरेही.

पावणेपाचला शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या लूर्डसला दूरवर धुरळा दिसला. डोक्यावर अर्ध्या भरलेल्या टोपल्या, खांद्यावर चपला, शर्ट घामाने चिकटलेले. अठराजण मोरीवरून उड्या मारत पळत येत होते. सर्वांत पुढे फर्डिनंड. लूर्डसने डोकी मोजली. अठरा मतं!

“पळा, पळा!” ती एकदम ओरडली. का ओरडली, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. “दहा मिनिटं राहिली! टोपली इथे टाका!”

तिने त्याच्या डोक्यावरची टोपली उतरून घेतली आणि त्याला आत ढकललं. अठराही जणांची मतं झाली. उरलेले अठ्ठावीस साडेपाचला आले, दाराला कुलूप बघून पायरीवर बसले आणि कोणीतरी दिलेलं पाणी घटाघटा प्यायले.

“कोणाला दिलंत?” घरी जाताना लूर्डसने विचारलं.

“शिडीला. बेसिलला शब्द दिला होता.” थोडं चालल्यावर फर्डिनंड म्हणाला, “पण सतरा वर्षं ही टोपली... ती मोरी... मला तू कधी सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं. तुम्ही जेवत होता.”

दुसऱ्या दिवशी वसईला मतमोजणी झाली. छत्री पाच, शिडी चार! लूर्डस बावन्न मतांनी निवडून आली. छत्रीवाल्यांत एकच मोठा माणूस पडला, आणि तो म्हणजे खुद्द सावेगुरुजी. एका मताने. मतदारयादी चाळल्यावर उलगडा झाला की दिवसभर दुसऱ्यांना आणता आणता गुरुजी स्वतःचं मत द्यायला विसरले होते. ते दिलं असतं तर निदान चिठ्ठी तरी काढावी लागली असती.

कचेरीच्या पायरीवर सगळ्यांच्या नजरा गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी चष्मा पुसला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. लूर्डसला वाटलं, म्हातारा रडतोय. तिने पुढे होऊन बघितलं तर गुरुजी हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, दम लागेपर्यंत. मग ती कसली थांबते? संध्याकाळी लग्नाचा बँड बोलावला. बँडवाल्यांना लग्नाचीच गाणी येत होती, त्यांवर सगळं गाव नाचलं. पडलेले पुढारी सगळ्यांत पुढे होते, एका हाताने धोतर धरून आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री घेऊन.

सरपंच गुरुजी होणार होते. ते नाहीत म्हटल्यावर पाच जण एकमेकांची तोंडं बघू लागले. गुरुजीच म्हणाले, “ज्या बाईने सत्ता आणली तिला सोडून कोणाला करणार?” अशी लूर्डस तुस्कानो मोरभाटाची सरपंच झाली. पहिल्याच सभेत तिने मोरीचा ठराव मांडला. ठरावाला शिडीच्या चारही सभासदांनी हात वर केला, कारण त्यांच्याही घरचं कोणी ना कोणी त्या गुरुवारी टोपली घेऊन गेलं होतं. मोरी मे महिन्यात झाली, एसटी जूनच्या सात तारखेपासून सुरू झाली.

सरपंचपदाची पाच वर्षं तिने आठवड्यातले चार दिवस बाजार सोडला नाही. पार्ल्यातली तिची सर्वांत जुनी गिऱ्हाईक प्रमोदिनीबाई. त्यांना ही बातमी कळली तेव्हा त्या वांग्यांसमोर अवघडून उभ्या राहिल्या.

“आता सरपंचांशी घासाघीस कशी करायची?” त्या म्हणाल्या, आणि लूर्डसने सांगितला तो भाव गुपचूप देऊन गेल्या.

लूर्डसला तो दिवस काही गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीबाई आल्या, त्यांनी चार वांगी निवडली, भाव ऐकून “काय गं, लूट चालवली आहेस!” म्हणून कडाडल्या, आणि पार्ल्याचा तो सगळा कोपरा लूर्डसच्या हसण्याने दणाणून गेला.