पहिला नंबर कुणाचा टाकू?

चूक आबांची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी माझ्याकडे बघायला नको. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि मी दुकानांना चोराचे अलार्म बसवून देतो. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. का सोडला ते तुम्ही विचारू नका, घरी रोज विचारतात.

या कामात किस्से शोधायला लागत नाहीत. शिडीवर चढून ड्रिल लावली की खालून म्हातारा काहीतरी बोलतोच, आणि संध्याकाळी टपरीवर सांगायला एक किस्सा वाढतो. पोरं हसतात. मीही हसायचो.

मशीन साधी आहे. शटरला सेन्सर, आत भिंतीवर हालचाल पकडणारा डोळा, बाहेर सायरन, आणि मालकाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटा रिमोट, त्याला लाल बटण. आत कोणी शिरलं किंवा मालकाने बटण दाबलं की सायरन वाजतो आणि मशीन फोन लावते. तिच्यात पाच नंबर बसतात. पहिल्याने नाही उचलला तर दुसरा, मग तिसरा. एकाने उचलला की मालकाच्या आवाजातला दहा सेकंदांचा निरोप ऐकवते आणि गप्प बसते. काम झालं असं समजते. पुढच्यांना फोन जात नाही.

म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतो. पहिला नंबर कुणाचा टाकू? जवळ राहणारा, धावत येईल असा माणूस सांगा. आणि आमचे लोक लग्नपत्रिकेत नावं घालतात तसे नंबर सांगतात. मानाप्रमाणे.

पाचवा नंबर मी माझा टाकून ठेवतो, सर्व्हिसिंगसाठी. त्यामुळे खिशात फोन वाजला की आधी वाटतं, आज कुणाचं दुकान. एकाच दुकानाची मशीन मला फोन करत नाही. आमच्या. आणि जास्त भीती तिचीच वाटायची. बाकी कुठे कुणीच उचलला नाही तर निदान मला कळणार होतं.

* * *

कापडवाले अण्णा.

"पहिला नंबर जावयाचा," अण्णा म्हणाले.

"जावई कुठे असतात?"

"नाशिकला."

"अण्णा, नाशिकहून यायला तीन तास लागतात. समोरचा रसवंतीवाला दिवसभर इथेच असतो, त्याचा टाकू?"

"त्याचा टाकला आणि जावयाला कळलं, म्हणजे? पोरगी मला काय म्हणेल?"

टाकला. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रंही नसतं, दुकानं बंद. अशात एका बैलाने अण्णांच्या शटरला पाठ घासली. सायरन सुरू. नाशिकला जावई गादीवरून उठले, अंगात शर्ट घातला आणि सासूबाईंना फोन केला. सासूबाईंनी आधी जेवण झालं का विचारलं. मग नातवाचा ताप विचारला. मग जावयांनी दबकत सांगितलं, की दुकानात चोर आहे बहुतेक.

अण्णा पोचेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर रसवंतीवाल्याने उसाचं कांडं दाखवून बैल हाकलला होता.

संध्याकाळी जावयांचा फोन. "अण्णा, चोर आला ते वाईट झालं. पण आधी मला कळवलंत, बरं वाटलं."

अण्णांनी हे वाक्य अख्ख्या गल्लीला ऐकवलं. बैलाचं नाव काढलं नाही.

* * *

दोंडाईच्याचे नाना मिरचीचे व्यापारी. निरोप रेकॉर्ड करायला बसले आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजायला लागले. "भो, दुकानमा कोनी तरी शे. लवकर ये."

"नाना, मोठ्याने बोला. ऐकू येणार नाही."

"मोठ्याने बोलू तर चोरले ऐकू जाई."

मी म्हटलं, हे आत्ताचं रेकॉर्डिंग आहे, चोर येईल तेव्हा तुम्ही तिथे बोलणार नाही. नानांनी माझ्याकडे कॉलेज सोडलेल्या पोराकडे बघतात तसं बघितलं. कुजबुजच ठेवली.

एके दुपारी नाना स्वतःच मागच्या दाराने गोदामात शिरले आणि मशीन बंद करायला विसरले. सायरन सुरू झाला. नानांना वाटलं, चोर आत आहे. ते पोत्यांमागे बसले. भावाला फोन गेला, त्याला कुजबुज ऐकू आली नाही, हॅलो हॅलो करून त्याने ठेवून दिला. सायरन थोड्या वेळाने आपोआप थांबला. नाना थांबले नाहीत. मिरचीच्या पोत्यांमागे, नाकात उपरणं कोंबून, शिंक दाबत दीड तास बसून राहिले. हमाल आले तेव्हा डोळे टोमॅटोसारखे झालेले.

"चोर कोठे शे, नाना?"

नानांनी वर कोपऱ्यात बोट दाखवलं. "तठे शे. मी हालनू का त्याना लाल डोया चमकस."

तो डोळा मीच बसवला होता. माणूस हलला की त्यातला लाल दिवा लागतो.

* * *

हार्डवेअरवाले भाऊ. "पहिला नंबर दादाचा. थोरल्याच्या आधी माझ्या घरात कुणाचं नाव लागत नाही."

दादा वारून दोन वर्षं झाली होती. त्यांचा फोन मात्र चालू. हार घातलेल्या फोटोपुढे, रोज चार्ज करून ठेवलेला.

मी म्हटलं, "भाऊ, ते उचलणार कसे?"

"उचलायचं आहे कुठे? मान आहे तो."

उंदराने सेन्सरची वायर कुरतडली. भरदुपारी, घरातले जेवायला बसलेले असताना, फोटोपुढचा फोन वाजायला लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा. सगळे हातातला घास तसाच धरून उभे. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "घ्या ना कुणीतरी." कुणाची हिंमत होईना. वाजून वाजून तो बंद पडला. आणि तेवढ्यात भाऊंच्या खिशातला फोन वाजला. दुसरा नंबर त्यांचाच होता. भाऊ असे ओरडले की आमटीचं पातेलं लवंडलं.

टपरीवर हा किस्सा सांगितला की पोरं बाकावरून पडायची. पण एक बघा. दादा वारलेले होते, म्हणून त्यांनी उचलला नाही. उचलला नाही, म्हणून मशीन पुढे गेली.

* * *

जळगावच्या अक्का एकट्या राहतात, घरातच पापड-लोणच्यांचं दुकान. मुलगा सुरतेला. त्यांनीही पहिला नंबर मुलाचा सांगितला. मी चिडलो. "अक्का, शेजारणीचा सांगा."

"शेजारीण तशीही येते," अक्का म्हणाल्या. "जो येत नाही त्याचा टाक."

महिनाभराने मुलाचा मला फोन. "मशीन खराब आहे तुमची. रोज तीनला वाजते. रोज मला फोन करून आईला विचारावं लागतं."

मी जळगावला गेलो. मशीन ठणठणीत. अक्कांनी मला भाजका पापड दिला, रिमोट पदराखाली सरकवला आणि म्हणाल्या, "तूच म्हणालास ना, टेस्ट करत जा."

मी मुलाला सांगितलं, सेन्सर जरा नाजूक आहे, फोन करून खात्री करत जा.

पुढे एकदा मी माल घ्यायला जळगावातच होतो. साडेतीनला मुलाचा फोन, आवाज कापत होता. "आज वाजली नाही." मी मोटारसायकल कशी मारली मला आठवत नाही. दार वाजवलं. दार अक्कांनीच उघडलं, रागाने लाल. लाईट सकाळपासून नव्हती, मशीनची बॅटरी उतरली होती आणि त्या अर्धा तास बटण दाबत होत्या.

मी उंबऱ्यावर बसलो.

"तो घाबरला का रे?" अक्कांनी विचारलं.

"हो."

त्यांनी आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. गुणगुणत होत्या.

* * *

आता आबा.

आबा भांड्यांवर नावं कोरतात. विजेच्या सुईने, घर्र घर्र करत, पेन्सिलने रेघ न मारता. अक्षर असं की शिंदखेड्याचे लोक धुळ्यातली दहा दुकानं सोडून लग्नाची भांडी आबांकडे आणतात. बाप म्हणून ते कसे आहेत ते सोडा, त्या हाताला मी कधी नाव ठेवलं नाही.

मशीन बसवायला मी गेलो तेव्हा ते एका ताटावर कोरत होते.

"पहिला नंबर महेशचा टाक." महेश माझा मोठा भाऊ. इंजिनिअर, पुण्यात.

"दादा पुण्यात आहे, आबा."

"शिकलेला आहे. काय करायचं ते त्याला कळतं."

"मी दोन गल्ल्या सोडून असतो."

"आज असतोस. कॉलेजातही होतास."

दुसरा जळगावच्या काकांचा. तिसरा मामांचा. चौथा ओळखीच्या हवालदाराचा.

"आईचा टाकू?"

"ती घाबरेल."

"आणि पाचवा?"

सुई थांबली नाही, मान वर झाली नाही. "राहू दे रिकामा."

पासवर्ड फक्त मला माहीत होता. दहा आकडे टाकले असते तर त्यांना कधी कळलंही नसतं. मी सेव्ह दाबलं आणि शिडी उचलली.

निरोप त्यांनी खणखणीत आवाजात दिला. "महेश, मी आबा. दुकानात काहीतरी झालंय. ये."

मग मांजराचं प्रकरण झालं. दुपारच्या सुट्टीत मांजर आत अडकलं, पातेल्यांची चळत कोसळली, सायरन वाजला. आबा बनियनवर धावत आले. शटर उघडलं, मांजर त्यांच्या पायांतून निघून गेलं. गल्ली जमली होती. कुणीतरी म्हणालं, "आबा, चोराला दूध तरी पाजायचं." आबा आत गेले. पक्कड घेतली आणि सायरनची वायर कापून टाकली. "फोन जातो ना, पुरे."

त्या महिन्यात मांजर आणखी दोनदा आलं. दादाला दोनदा फोन गेला. त्याने मला कळवलं, एकदा निरोप ऐकला की पुन्हा पुन्हा वाजायला नको, ऑफिसात असतो मी. मी तशी सेटिंग करून दिली. एकदा कुणी उचलला की हाताने रिसेट करेपर्यंत मशीन परत फोन लावणार नाही. कापलेली वायर तेव्हा मला दिसली. जोडायला कुणी सांगितलं नाही, मी जोडली नाही.

* * *

शेवटचा किस्सा टपरीवर मी कधी सांगितला नाही.

लग्नसराई होती. आबा दुपारी घरी गेले नाहीत. शटर अर्धं खाली ओढून शिंदखेड्याच्या एका नवरीचं ताम्हण कोरत बसले होते. मी दोन गल्ल्या पलीकडे एका मेडिकलमध्ये शिडीवर होतो. जाताना अर्धं शटर मला दिसलं होतं. वाटलं, डुलकी घेत असतील. हाक मारली नाही. त्या वायरीनंतर आमचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं, आणि काम काही नव्हतं.

साडेचारला ताम्हण न्यायला शिंदखेड्याची बाई आली. शटरखालून वाकून म्हणाली, "आबा, कोरता कोरता झोपलात का?" मग ती ओरडली. मला तिचा आवाज शिडीवर ऐकू आला.

आबा काउंटरच्या पायथ्याशी एका कुशीवर पडले होते. तोंड वाकडं झालं होतं. उजवा हात अंगाखाली. डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा आणि लाल बटणावर अंगठा. मी पोचलो तेव्हाही ते दाबत होते. माझ्याकडे बघून दाबत होते.

ताम्हणावर नाव अर्धंच होतं. शेवटच्या अक्षरातून एक रेघ निघून थेट काठापर्यंत गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे कधी झालं?" आई माझ्याकडे बघायला लागली. मी मोबाईलवर मशीनची नोंद उघडली. दोन वाजून दहा मिनिटं. पहिला नंबर. उचलला. त्यानंतर बटण दाबल्याच्या नोंदी, खाली खाली खाली, स्क्रीन सरकवत राहिलो तरी संपेनात. पुढे फोन एकही लागलेला नव्हता.

आबांचा मोबाईल माझ्या खिशात होता. त्यावर दादाचा मेसेज, दोन वाजून अकरा. पुढे हसरा चेहरा.

"परत मांजर का, आबा?"

डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली. म्हणाले, "लगेच आणलं असतं तर..."

आबांचा उजवा हात गेला. ते आता नावं कोरत नाहीत.