बुजवलेली खिडकी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच, तर "त्या दिवशी लाइट गेली," एवढंच म्हणत आलो. लाइट गेली नव्हती.

सोलापुरात आमच्या घरामागे चादरीचे चार माग होते. इथली हवा कोरडी. वारा लागला की सूत तुटतं, म्हणून मागवाले खिडक्या लावून घेतात, जमिनीवर पाणी मारतात. मी त्याच्याही पुढे गेलो. मागांच्या शेजारच्या खोलीत बायको धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची. त्या खोलीची खिडकी मी विटांनी बुजवली.

"अहो, झरोका तरी ठेवा."

"धागा तुटला तर तू जोडणार का?"

मुलगी सिनेमा शिकली. तिचा पहिला सिनेमा तिनं त्याच खोलीत केला. कॅमेरा एका जागी. गोष्ट नाही, गाणं नाही. आई कांड्या भरतेय आणि भिंतीपलीकडे माग खडखडतायत, एवढंच. शूटिंगच्या वेळी मी दाराआड उभा होतो. शेवटी मुलीनं विचारलं, "आई, काही बोलायचंय?"

बायकोचा हात थांबला. "हितं खिडकी होती. लिंब दिसायचा. सुताला वारा लागू नये म्हणून ह्यांनी मला बी कोंडलं."

समाजाच्या हॉलमध्ये तो सिनेमा दाखवला तेव्हा बायको नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती. पडद्यावरच्या स्वतःकडे न हलता पाहत होती. मागं लोक कंटाळले होते.

"काय मालक, पिक्चर कधी सुरू होणार? जाहिरातच लई लांबली की!"

हशा झाला. तेवढ्यात सिनेमात मुलीचा आवाज आला, "आई, काही बोलायचंय?" प्रोजेक्टरचं बटण माझ्या खुर्चीमागेच होतं. मी ते बंद केलं आणि ओरडलो, "लाइट गेली!"

लोकांना उठायला निमित्तच हवं होतं. मुलीनं वायरी गुंडाळल्या. तो सिनेमा तिनं सोलापुरात परत आणला नाही.

वाटेत बायको म्हणाली, "लाइट गेली म्हणता. पंखा तर फिरत होता की."

घरी येऊन ती त्याच खोलीत कांड्या भरायला बसली. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

आता ती नाही. माग भंगारात गेले. विटा तशाच आहेत, आणि दिवसभर मी त्याच खोलीत बसतो. रविवारी मुलीचा फोन येतो.

"जेवलात का, नाना?"

"जेवलो."

 मग ती विचारते, "काही बोलायचंय?"

चुकलं माझं, एवढंच बोलायचं असतं. मी म्हणतो, "नाही. ठेव आता."