शेवटच्या गोगलगायीची जोडणी

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे काका म्हणायचे आणि ते समोर नसले की गोगलगायवाले काका. त्यांच्या चालीवरून हे नाव पडलं असेल असं नव्या माणसाला वाटायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. खरं कारण मात्र त्यांच्या टेबलावरची काचेची पेटी. तिच्यात नखाएवढी एक तपकिरी गोगलगाय राहायची. तिच्या जातीतली ती शेवटची. टेकडीवरची या गोगलगायींची जागा रस्त्याखाली गेली, पेटीतल्या बाकीच्या एकेक करून गेल्या, ही राहिली. काका रोज सकाळी पाण्याचा फवारा मारायचे, कोबीचं पान ठेवायचे आणि विचारायचे, "काय बाई, जेवलीस का?" उत्तरासाठी थांबायचेही, असा मला संशय आहे.

हिवाळ्यात ती वारली. मी "मेली" म्हणालो तेव्हा काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तेव्हापासून मीही "वारली" म्हणतो.

त्या इवल्याशा देहातून जेवढा डीएनए निघाला तेवढाच. पुन्हा मिळणार नव्हता. मशीनने तो वाचला, पण मशीन सलग वाचत नाही, लाखो तुकडे हातात देतं. जाडजूड पुस्तकाच्या कित्येक प्रती फाडून चिंध्या पोत्यात भराव्यात आणि म्हणावं, आता लाव. ते लावण्याला जिनोमची जोडणी म्हणतात. त्यात गोगलगायीचं पुस्तक म्हणजे पानोपानी तीच तीच वाक्यं. टेबलावरच्या कम्प्युटरचं ते काम नव्हे. त्यासाठी क्लस्टर आहे: तळघरात घरघरणारी कम्प्युटरांची कपाटं, सगळ्या संस्थेची सामाईक. मेमरी किती हवी, वेळ किती हवा ते सांगायचं आणि रांगेत थांबायचं. सांगितलेला वेळ संपला की क्लस्टर काम तिथल्या तिथे बंद पाडतं. भीडमुर्वत नाही.

म्हणून आम्ही सगळे वेळ दुप्पट सांगतो आणि आम्हाला त्याची लाजही वाटत नाही. काका मात्र हिशोब करून नेमका तेवढाच मागायचे. "मागे लोक उभे असतात," म्हणायचे, जणू नळावर बादली लावलीय. परिणाम व्हायचा तो झाला. जोडणी शेवटच्या टप्प्यावर आली आणि वेळ संपला. परत लावली, परत तेच. सॉफ्टवेअर असं, की बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून.

"काका, दुप्पट मागा ना."

"खोटं सांगू?"

"सगळेच सांगतात."

"तरीच रांग एवढी लांब," ते म्हणाले आणि थोडासाच वाढवून मागितला.

तिसऱ्या खेपेला काम सुरू होईपर्यंत त्यांच्या निवृत्तीचा दिवस उजाडला. त्या संध्याकाळी त्यांचं खातं बंद होणार, आणि खात्याबरोबर सगळ्या फायली जाणार. त्यांच्या जागेवर येणारा माणूस माशांवर काम करणारा. गोगलगायीला वाली नव्हता. दुपारी मी त्यांच्या स्क्रीनवर डोकावलो. शेवटचा टप्पा चालू होता आणि वेळ पुरणार नव्हता, हे मलाही कळत होतं.

चालू कामाचा वेळ आपल्याला वाढवता येत नाही. क्लस्टर सांभाळणाऱ्या बाईंना येतो. एक फोन करायचा. काका फोनकडे बघत बसले होते.

"मीच कमी मागितला," ते म्हणाले. "आता जास्त द्या, असं कोणत्या तोंडाने म्हणू?"

त्यांचं सामान न्यायला काकू पिशव्या घेऊन आल्या होत्या. "यांना काय झालंय?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. काकू खुर्चीवर बसल्या.

"भाजीत मीठ नसलं तरी मागत नाहीत," त्या मला म्हणाल्या. "मी जेवायला बसले की मला कळतं." मग त्यांच्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "स्वतःसाठी नका मागू. आजवर मागितलं नाहीत, आता कुठे सुरुवात करता. तिच्यासाठी मागा. तिला बिचारीला मागता येत नाही."

काकांनी नंबर लावला. पलीकडे बाईंनी विचारलं, "किती वाढवू?" काकांनी सवयीने कागद ओढला आणि हिशोब मांडायला घेतला. काकूंनी हातातलं पेन काढून घेतलं.

"लागेल तेवढा," काका म्हणाले.

"देते. खातंही काम संपेपर्यंत चालू ठेवते," बाई म्हणाल्या. "तुमचा फोन कधी आलाच नाही हो काका. मला वाटायचं, तुम्ही कायम रजेवर असता."

दोन दिवसांनी जोडणी संपली. काका पाहुण्यासारखे फाटकावर सही करून आत आले. जिनोम अखंड नव्हता, मधे मधे फटी होत्या, आणि त्या आता कुणालाच भरता येणार नव्हत्या. त्यांनी फाईल उघडली आणि अक्षरांच्या ओळी आपल्या चालीने, सावकाश, वर सरकवत राहिले. एवढं करून गोगलगाय काही परत आली नव्हती. ती कशी होती, याची अक्षरं तेवढी राहिली होती.

मला वाटलं, आता तिला काहीतरी विचारतील. विचारलं नाही. उठले, पेटी बाहेरून पुसली. आतल्या काचेवर तिचा वाळलेला माग होता, त्याला हात लावला नाही.

"ही मी घरी नेली तर चालेल का?" त्यांनी मला विचारलं.

पेटी त्यांचीच होती. तरी मी "न्या" म्हणालो.