देल्फिनाने कालवलेली पावडर

ज्वालामुखीच्या डोंगराने आमच्या केरो गावावर राख टाकली, त्या वर्षी देल्फिना यान्सापान्ताची काळी गाय बसली ती उठलीच नाही. पुरण्याआधी देल्फिनाच्या नवऱ्याने, लिओनिदासने, तिचं पोट फाडून बघितलं. आत राखेचा, ओल्या सिमेंटसारखा गोळा.

उरलेल्या दोन गाईंनीही रवंथ करणं सोडलं होतं. गव्हाणीत तोंड घालायच्या नि तसंच मागे घ्यायच्या. गवत होतं ते सगळं राखेखाली. लिओनिदास जुन्या सदऱ्याची बाही तोंडाला बांधून रोज कुरणावर जायचा, गवत कापून झटकायचा, पाटाच्या पाण्यात धुवायचा.

"कोम्पाद्रे, माणसांना न्यायला ट्रक आलाय आणि तुम्ही गवत काय धुताय?" मी ओरडले. माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्यात तो धर्मपिता होता, म्हणून आमची ही हाक.

"ट्रकात गाई घेत नाहीत, कोमाद्रे," तो म्हणाला आणि पुन्हा पाण्यात वाकला.

मग दूध केंद्रातली जनावरांची डॉक्टर माग्दा देल्फिनाकडे एक पिशवी घेऊन आली.

"चारा काही गाय एकटी पचवत नाही, मावशी. तिच्या पोटातले जंतू पचवतात, आणि तेच मेलेत. या पावडरीत जिवंत यीस्ट आहे, चारा फोडणारी एन्झाइम आहेत. कोंड्यात कालवून घाला."

"आजारी गाईला मी जंतू चारू?"

"चांगले जंतू असतात हे."

"जंतूंतही चांगले-वाईट असतात होय! माणसांतले आधी ओळखू येऊ देत."

पण घातली तिने. काकवीचं बोट लावून, लाडीगोडी करून घातली. एका दुपारी लिओनिदास अंगणातून ओरडला, "अगं ये लवकर! तोंड हलवतेय बघ!" दोघं गोठ्याच्या दारात बसून गाईचा जबडा बघत राहिली, जत्रेतला खेळ बघावा तशी. हळूहळू दूधही वाढलं.

गाई सावरल्या, पण राखेत फिरून लिओनिदासला लागलेला खोकला मात्र राहिला. अंबातो शहरातल्या इस्पितळात सांगितलं, बटाट्यावरच्या फवारण्यांनी छाती आधीच पोखरलेली, त्यात ही राख. आता फार काही करता येणार नाही.

"मलाही टाक गं एक चमचा," तो म्हणायचा.

"दूध देणार असाल तर टाकते."

ही थट्टा होती. पण तो अंथरुणाला खिळला तशी ती खरंच सातूच्या पेजेत पावडर घालू लागली. मला नाही सांगितलं, माग्दाला सांगितलं; मला ते मागून माग्दाकडून कळलं. माग्दा हसली नाही. "त्यांना ती नका देऊ, मावशी," एवढंच बोलली, आणि देल्फिना चुलीकडे वळल्यावर डोळे पुसून निघून गेली. देल्फिनाने काही तिचं मानलं नाही.

लिओनिदासला सगळं ठाऊक होतं. एकदा ती पाण्याला गेली असताना त्याने मला जवळ बोलावलं. "पेजेत गाईची पावडर असते, कोमाद्रे. वास काय मला कळत नाही? पण तिला बोलू नका." ती आल्यावर त्याने वाटी पुढे केली. "आज छान झालीय. आणखी थोडी दे."

बटाटे काढायच्या दिवसांत तो गेला.

त्यानंतर देल्फिनाला ती पिशवी उघडवेना. गाईंचं दूध पुन्हा उतरू लागलं. मी बोलायला गेले तर ती म्हणाली, "शेवटी शेवटी यांना भूक लागायला लागली होती गं. वाटी पुसून खायचे. त्या पावडरीनेच ना?"

"पावडरीनेच," मी म्हणाले.

आता सकाळी पावडर घालून कोंडा मी कालवते, धार ती काढते.