हसऱ्या भिंतीखालचे सुतक

आमचे तात्या वारले त्या आठवड्यात आमच्या बिऱ्हाडात माणसे पोट धरधरून हसत होती. तात्या म्हणजे माझे वडील. हसणाऱ्यांत त्यांचा शत्रू एकही नव्हता, आणि त्यांच्या जाण्याने कोणाला आनंद व्हावा एवढी इस्टेटही त्यांनी मागे ठेवली नव्हती. हसू येत होते ते भिंतीमुळे.

गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडात बाहेरच्या खोलीची एक भिंत गुडघ्यापासून आढ्यापर्यंत विनोदी चित्रांनी भरलेली आहे. विलायतेत अशा चित्रांची साप्ताहिके निघतात, आणि आता मुंबईतही निघू लागली आहेत. तात्या शाळामास्तर, मी कोटात, म्हणजे फोर्टात, एका सॉलिसिटरकडे कारकून. ताजा अंक विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. अंक आधी साहेबाने वाचायचा, मग मडमेने, मग बटलरने, आणि मग तो बोहऱ्याच्या रद्दीत येऊन पडायचा. तिथे आम्ही बापलेक टपून असू. त्यामुळे विलायतेत मुख्य प्रधान पडला की आम्ही त्याच्यावर दीड वर्षाने हसत असू. कधीकधी तोवर तो पुन्हा गादीवर बसलेला असे! शिवाय रद्दीतली पाने धड नसत. आमच्या भिंतीवरच्या एका साहेबाला डोकेच नाही. ते कोणाच्या तरी हिंगाच्या पुडीबरोबर गेले.

हे धन ठेवायचे कुठे? खाटेखाली ठेवले तर कसर लागली. फळीवर ठेवले तर एक गठ्ठा माझ्या बायकोच्या, द्वारकेच्या, डोक्यावर पडला. ती डोके चोळत म्हणाली, "एक तर ही रद्दी राहील या घरात, नाहीतर मी!"

(इथे क्षणभर आम्ही दोघेही विचारात पडलो, हे ती अजून विसरलेली नाही.)

तात्यांनी तोड काढली. कणकेची खळ शिजवली आणि चित्रे भिंतीला चिकटवली. कणीक द्वारकेच्याच डब्यातली होती. खळ अशी साधली की आता चित्र सोडवायला जावे तर गिलावा हातात येतो. म्हणजे भिंत आहे तोवर चित्रे आहेत. भिंत खरवडली की आम्हा दोघांचा उभ्या जन्माचा संग्रह गेला.

आमच्या दोघांच्या आवडीत फरक एवढाच होता की तात्या चित्र पाहत आणि हसत. मी चित्र पाहून, खालचा इंग्रजी मजकूर वाचून, शब्दकोश उघडून, संदर्भ लावून मग हसत असे. एवढे कष्ट घेतल्यावर त्यातले मर्म चार माणसांना समजावून सांगावे असे कोणालाही वाटेल. त्यात माझे काही चुकते असे मला आजही वाटत नाही.

तर तात्या गेले ते याच भिंतीखाली. रीतीप्रमाणे त्या जागी दिवा ठेवला. दहाव्यापर्यंत तो हलवायचा नाही आणि विझू द्यायचा नाही. समाचाराला आलेला माणूस दिव्यासमोर बसतो, ज्योतीकडे पाहतो, सुस्कारा सोडतो आणि मग नजर वर नेतो. इतरांच्या घरी वर काळवंडलेली भिंत असते. आमच्याकडे, खालून छान उजेड पडलेला असा, एक लठ्ठ न्यायाधीश खुर्चीत अडकलेला होता. चार शिपाई त्याला खुर्चीसकट उचलून कोर्टाबाहेर काढत होते, आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरले होते आरोपीने. अदबीने, वाकून!

पहिले बळी आमच्या कचेरीतले हेडक्लार्क रावसाहेब. अतिशय गंभीर गृहस्थ.

"फार वाईट झालं, नाना," ते मला म्हणाले. "तात्यांसारखा माणूस... म्हणजे तात्या म्हणजे..."

नजर वर गेली. त्यांच्या घशातून कुत्र्याच्या पिलासारखा एक आवाज निघाला. त्यांनी उपरण्यात तोंड खुपसले. खांदे गदागदा हलू लागले.

"अगं बाई!" दारातून शेजारीण म्हणाली. "किती जीव हो यांचा तात्यांवर! पाणी आण गं, द्वारके!"

मी शेजारीच बसलो होतो. ते चित्राला चुकीच्या कारणासाठी हसताहेत हे मला स्पष्ट दिसत होते (ते लठ्ठपणाला हसत होते, खरा विनोद दाराचा आहे), आणि सुतक असले तरी अज्ञान पाहवत नाही. मी हळूच म्हणालो, "रावसाहेब, त्याचं असं आहे. इंग्लंडातल्या न्यायपद्धतीत..."

माझे सांगून संपले तेव्हा रावसाहेबांच्या डोळ्यांत खरे अश्रू होते.

पण भिंतीची बातमी फुटली. दुसऱ्या दिवसापासून समाचाराला रीघ लागली. खेतवाडीतून माणसे आली, ठाकूरद्वारहून आली. ज्यांनी तात्यांशी नळावरून भांडून बोलणे टाकले होते ते सहकुटुंब आले. एक गृहस्थ जिन्यातच कोणाला तरी विचारत होते, "इथंच ना वारलेत?" आणि "इथंच" म्हटल्यावर मागे वळून हाक मारत होते, "या रे, या वर!" खाली बसायची, तोंडे लांब करायची, नजर वर न्यायची आणि उपरण्यात शिरायची! शेजारचे बापूराव तर दिवसातून तीनदा येऊ लागले, आणि एकदा बरोबर अलिबागचा मेहुणा घेऊन आले.

द्वारका मला आत बोलावून म्हणाली, "बापूरावांना स्वतःच्या बापाचं एवढं दुःख झालं नव्हतं हो. सांगून ठेवते, उद्यापासून मी पाणी देणार नाही कोणाला. माठ कोरडा पडलाय!"

अशात देवगडहून आगबोटीने अण्णाकाका आले. हे तात्यांचे थोरले बंधू. तात्या जेवढे हसत तेवढे हे हसत नसत. दोघांत मिळून एका घराचा हिशेब बरोबर जमत असे. जिन्यात त्यांना वरून हशा ऐकू आला, तेव्हा चाळ चुकली असे वाटून ते परत खाली उतरले. मग वर आले ते पेटूनच.

"शिंच्या, सुतक आहे की तमाशा?"

खोली क्षणात रिकामी झाली. बापूरावांचा मेहुणा तेवढा बसून राहिला, कारण तो वरच्या ओळीपर्यंत पोचला नव्हता.

काकांनी त्याला हाताला धरून बाहेर काढले आणि आपले दुसरे धोतर खुंटीला अडकवून भिंतीवर पडद्यासारखे सोडले. "झालं! आता पाहा म्हणावं!" दिवा हलवायचा नाही हे त्यांना माहीत होते, दिवा धोतराखालीच येतो हे त्यांच्या ध्यानात आले नाही. थोड्याच वेळात जळका वास सुटला.

"धोतर! धोतर पेटलं!" द्वारका कळशी घेऊन धावली.

"पाणी नको!" काका ओरडले. "दिवा विझेल! अगं, दिवा!"

शेवटी त्यांनीच ते हाताने ओढून, पायाने तुडवून विझवले. उरलेला तुकडा पंचा म्हणावा इतकाही नव्हता. आणि हे सगळे चालू असताना वर न्यायाधीश आपला खुर्चीत अडकलेलाच! मला हसू आले. बाप गेल्यानंतरचे माझे पहिले हसू ते, आणि ते नेमके काकांनी पाहिले.

"हसतोस? हस. दहावं झालं की पहिलं काम, ही भिंत खरवडायची. चुना मी आणतो."

"भिंत राहील," मी म्हणालो.

मी जन्मात काकांना उलट बोललो नव्हतो. माझे मलाच नवल वाटले.

"काय म्हणालास?"

"भिंत राहील. तात्यांनी स्वतःच्या हाताने लावलीत ही चित्रं."

"मला विचारलंन होतंन त्याने? बाप मेलाय तुझा, आणि लोक दात काढतात तुझ्या दारात!"

"काढू देत. रडकं तोंड करून येणाऱ्या माणसाला तात्या खिडकीतून पाहूनच मोरीत लपत. त्यांना भेटायला हसतच यायला हवं."

काका खाली गेले आणि चुनकळ्यांची घमेली घेऊन आले. त्यांनी त्या बादलीत भिजत घातल्या. बादली गॅलरीत रात्रंदिवस खदखदत होती, आणि मी व काका तिच्या दोन बाजूंना एकमेकांकडे पाठ करून बसत होतो. येणाऱ्यांना मी मुद्दाम दिव्यासमोर बसवत होतो. मुद्दाम समजावूनही सांगत होतो. गर्दी थोडी ओसरली, हे खरे आहे.

दहाव्या दिवशी बाणगंगेवर पिंड मांडला. कावळे भरपूर होते. एक पुढे आला, त्याने पिंडाकडे पाहिले, मान वाकडी केली आणि कठड्यावर जाऊन बसला. ऊन चढले. काकांना भूक सोसत नाही.

"इच्छा राहिली आहे काहीतरी," भटजी म्हणाले. "बोला. वचन द्या."

काकांनी एकेक वचने द्यायला सुरुवात केली. वर्षश्राद्ध गावी करू. देवळाला घंटा देऊ. कावळा पाठ करून बसला. भटजींचे दुसरे यजमान खोळंबले होते; ते माझ्याकडे पाहत होते, मी काकांकडे. काका चुनखडीसारखे पांढरे पडले होते.

"बरं रे बाबा!" शेवटी ते हात जोडून आकाशाकडे पाहत ओरडले. "नाही खरवडत तुझी भिंत! जन्मात हात लावणार नाही! ये आता!"

कावळा उठला. दोन उड्या मारून पिंडाजवळ आला. आम्ही श्वास रोखले. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा कठड्यावर जाऊन बसला.

तेव्हा बापूराव खाकरले. "नाना, रागावू नका. तात्या मला एकदा म्हणाले होते, पोरानं ती चित्रं समजावून सांगायचं सोडलं ना, की मी सुखानं मरेन."

सगळे माझ्याकडे वळले.

"सांग, शिंच्या!" काका म्हणाले. "सोडलं म्हण!"

"नाही म्हणणार."

"अहो, नुसतं तोंडानं म्हणा," भटजी काकुळतीला आले.

"खोटं कशाला म्हणू? इतकी वर्षं त्यांनी ऐकून घेतलं नाही, आता कावळा पाठवून गप्प करतात? अर्थ कळल्याशिवाय हसणं म्हणजे चोरून खाल्ल्यासारखं आहे. मी सांगणारच!"

कावळा उडून गेला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि ते पळाले.

परतताना काका म्हणाले, "कावळा शिवला नाही. म्हणजे माझं वचन लागू नाही." मी म्हणालो, "पिंडापुढे हात जोडून दिलेलं वचन आहे, काका." तेव्हा ते म्हणाले, "त्या चुन्याचं काय करू?" द्वारकेने तो मोरीला लावला. मोरी इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती.

काका देवगडला गेले. चित्रे जागच्या जागी आहेत. चाळीचे म्हणणे असे की तात्यांची इच्छा राहून गेली, म्हणून ते अजून त्या भिंतीपाशीच घोटाळताहेत, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. असेन. मला त्याचे वाईट वाटत नाही. घर तेवढे रिकामे वाटत नाही. रोज कचेरीतून आलो की मी त्या जागी बसतो आणि वरच्या कोपऱ्यापासून एकेक चित्र त्यांना सविस्तर, संदर्भासहित समजावून सांगतो. पूर्वी माझ्या पहिल्याच वाक्याला ते काठी उचलून फिरायला निघून जात. आता कुठे जातील?