बोटीच्या फळ्यावरची रॉकेटं

"तारीख म्हणजे इरादो. वचन न्हय."

मालवण बंदरावरच्या बोटकचेरीत कुणी "बोट कधी येतली?" असं विचारलं की तिथले कारकून आधी खिडकीतून मान बाहेर काढून समुद्राकडे पाहायचे, मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि हे वाक्य म्हणायचे. वेळ त्यानंतर सांगायचे. विचारणाऱ्याच्या डोक्यावर ट्रंक असायची, ऊन असायचं, आणि त्याला फक्त वेळ हवी असायची.

ते बोट कंपनीच्या एजन्सीतले कारकून. तिकिटं देणं, बोटीची वेळ फळ्यावर लिहिणं आणि उतारूंना बोटीपर्यंत पोचवणं हे त्यांचं काम. आमच्याकडे बोट धक्क्याला लागत नसे. ती खडक सांभाळून लांब खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, गाठोडी, आंब्याच्या करंड्या पडाव नावाच्या मोठ्या होडीतून तिथवर न्यावी लागत. पडाव केव्हा सोडायचा हे तेच ठरवत. गावात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळे 'बोटवाले' म्हणत, मीही इथे तेच म्हणतो.

एकदा मुंबईहून नवरदेवाची बोट सहा तास उशिरा आली. नवऱ्याचा बाप कचेरीत येऊन टेबलावर हात आपटून म्हणाला, "मुहूर्त टळलो माझ्या झिलाचो."

बोटवाल्यांनी बाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. "दुसरो मुहूर्त गावतलो. नवरो सुको उतारलो ता बघा."

मी सावंतवाडीहून मालवणच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो त्याच वर्षी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. आठवडाभराने बोटवाले संध्याकाळी माझ्या खोलीवर आले. ओळख बेताचीच होती. पायरीवरच बसले आणि म्हणाले, "मास्तर, ता वर कसा रवता?"

मी दोरीला दगड बांधून गरगर फिरवून दाखवला. वेग आणि ओढ समजावून सांगितली. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पण ता सुटाची वेळ कोण ठरवता?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला चंद्र-ताऱ्यांचं फारसं काही नव्हतं. त्यांना निघण्याचं वेड होतं. कोण निघणार, कधी, कशासाठी अडलं, आणि अडल्यावर कुणी काय केलं. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस आला असेल, ज्याला स्वतःच्या कामाचंच रूप लांब कुठेतरी दिसतं आणि मग त्याची नजर तिथून हलत नाही.

कचेरीबाहेर लाकडी काळा फळा होता. त्याच्या डाव्या बाजूला ते बोटी लिहीत. पुढच्या काही वर्षांत उजव्या बाजूला रॉकेटं आली. वर्तमानपत्र एक-दोन दिवस शिळं यायचं, त्यात कुठेतरी चार ओळींची बातमी असायची. ती ते माझ्याकडून नीट समजून घेत आणि खडूने लिहीत: यान, तारीख, आणि तारीख हुकली की कारण. कारण लिहिल्याशिवाय 'उशीर' हा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही, मग ती बोट असो की रॉकेट. ठाऊक नसेल तर 'कारण: कळले नाही' असं लिहीत. येणारे-जाणारे चिडवत, "काय हो बोटवाले, चंद्राची तिकिटां कधी सुटतली?" ते शांतपणे म्हणत, "थंय अजून पडावाची सोय नाय."

बासष्ट साली एका अमेरिकन माणसाला पृथ्वीभोवती फिरवून आणायचं होतं. जानेवारीत जायचा तो फेब्रुवारी अर्धा सरला तरी जमिनीवरच. बोटवाले रोज संध्याकाळी बाजारातल्या चहाच्या हॉटेलात रेडिओवरच्या बातम्या ऐकायला येऊन बसत. फळ्यावर ओळी वाढत गेल्या. 'लांबले. कारण: ढग.' 'लांबले. कारण: टाकीत गळती.' हॉटेलात हसू पिकायचं. गल्ल्यावर बसलेला मालक म्हणाला, "आमची एस्टी बरी हेंच्यापेक्षा."

"आत माणूस बसलेलो आसा," बोटवाले म्हणाले. "घाई कित्याक करूची?"

मग बातमी आली की यान परत येताना जिथे उतरायचं त्या समुद्रावरच हवा खराब आहे, म्हणून पुन्हा थांबलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं. चहा बशीतच राहिला. "बघलात मास्तर? आकाशात जाऊचा झाला तरी दर्याक विचारूकच होया." फळ्यावर त्यांनी 'कारण: समुद्र' हे दोन शब्द नेहमीपेक्षा मोठे लिहिले.

तो माणूस शेवटी गेला आणि सुखरूप परत आला, पण पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तर कमालच झाली. दुसरा एक अमेरिकन यानात चढून बसला, आणि बाजूचा मनोरा मागे सरकवायचं डिझेल इंजिनच चालेना. शेवटी त्याला खाली उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी पाठवलं. तो पृथ्वीला बावीस प्रदक्षिणा घालून सुखरूप परत आला. ते डिझेल इंजिन मालवणात आठवडाभर गाजलं. बोटवाले मात्र हसले नाहीत. "चढलेल्या माणसाक खाली उतर म्हणूक धीर लागता," एवढंच म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या मोसमाची शेवटची बोट होती. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून सुट्टीला आलेले सगळे चाकरमानी शेवटच्या बोटीने परत जायला धडपडत. त्या बोटीचं तिकीट माझ्याही खिशात होतं. मुंबईच्या एका शाळेत सोमवारी दहा वाजता माझी मुलाखत होती. कायमची जागा, राहायला दोन खोल्या. माझं लग्न ठरलं होतं आणि त्या दोन खोल्यांत मी मनाने कधीचाच राहायला गेलो होतो.

शनिवार होता. सकाळपासून नैर्ऋत्येकडून मोठे हेलकावे येत होते. वारा फारसा नव्हता, पण खडकांपाशी पाणी फुटून पांढरं होत होतं. दुपारी बोट आली आणि लांब उभी राहिली. आम्ही पडावात बसलो. करंड्या, फणस, अंगावरची पोरं. पडाव चालवणाऱ्या खलाशांचा म्होरक्या, त्याला तांडेल म्हणतात, तो धक्क्यावर उभ्या असलेल्या बोटवाल्यांकडे पाहत होता.

"किती माणसां?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस."

"पोरां?"

"अकरा."

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. चष्मा पुसला नाही. "सगळ्यांका खाली उतरव. पडाव सुटाचो नाय."

आधी कुणाला ते खरंच वाटेना. मग गलका उसळला. मुंबईच्या गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम, उभा राहून म्हणाला, "गेल्या साली हेच्यापेक्षा मोठी लाट होती. गेलंव मां आमी?"

"गेलात. ता नशीब होता."

लोक तांडेलाच्या मागे लागले, तू सोड, आम्ही सांगतो. तांडेल गोंधळला. तेव्हा बोटवाले पायऱ्या उतरून पडावात आले, गुडघाभर भिजले, सुकाणूचा लाकडी दांडा ओढून काढला आणि खांद्यावर घेऊन वर गेले. धक्क्यावर दगडावर बसले. दांडा मांडीवर आडवा.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. रागाच्या भरात मी ओरडलोच. "तुम्हाला काय हो? तुम्हाला उशीर लिहायला आवडतो. फळ्यावर आणखी एक ओळ मिळाली तुम्हाला. माझं आयुष्य जातंय इथे."

त्यांनी वर पाहिलं. "मास्तर, तुमी म्हणतास ता खोटा न्हय. माका लिवूक आवडता. पण ही ओळ आवडीची न्हय."

बोटीने तीनदा भोंगा दिला. अर्धा तास वाट पाहिली आणि ती उत्तरेकडे निघून गेली. तिचा धूर दिसेनासा होईपर्यंत कुणी हललं नाही.

आता सांगतो ते मला पुष्कळ दिवस सलत राहिलं. संध्याकाळपर्यंत समुद्र शांत झाला. अगदी निवळ. लोक मुद्दाम कचेरीवरून जात आणि आत ऐकू जाईल असं बोलत. कोणी थुंकलंही. बोटवाल्यांनी फळ्यावर लिहिलं होतं: 'मुंबई बोट: गेली. उतारू घेतले नाहीत. कारण: मी पडाव सोडला नाही.' खाली स्वतःची सही.

एस्टीत जागा सोमवारी मिळाली. आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरमार्गे मी मुंबईला पोचलो तेव्हा ती जागा भरली होती.

जॉबरने आणि आणखी काहींनी तक्रार केली. जूनमध्ये मुंबईहून एक साहेब चौकशीला आले. कचेरीत खुर्च्या मांडल्या. मलाही बोलावलं होतं, माझं नुकसान सगळ्यांत मोठं म्हणून.

"समुद्र धोक्याचा होता हे तुम्हाला नक्की माहीत होतं का?" साहेबांनी विचारलं.

बोटवाले प्रमाण मराठीत, शब्द जुळवत बोलले. "नाही, साहेब."

"मग पडाव का अडवला?"

"धोका नाही हेही नक्की माहीत नव्हतं. आत अकरा मुलं होती. बोट चुकली तर माणूस एस्टीने जातो."

साहेबांनी तांडेलाला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माझ्या बायलेक मी त्या पडावात बसूक दिलंय नसतंय."

"मग तू स्वतः का नाही अडवलास?"

"माका धीर झालो नाय, साहेब."

मग माझ्याकडे वळले. मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, पण तांडेलाचं ऐकल्यावर ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, "माझी मुंबईची नोकरी गेली. त्या दिवशी मी यांना नको ते बोललो. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा ओरडेन. पण आता विचाराल तर त्या पडावात मी माझ्या माणसांना बसवणार नाही."

साहेब बराच वेळ लिहीत बसले. बोटवाल्यांची नोकरी राहिली. ताकीद मिळाली, आणि एक हुकूम: कंपनीच्या फळ्यावर कंपनीच्या बोटीच लिहाव्यात. साहेब असतानाच त्यांनी फडकं ओलं केलं आणि उजवी बाजू पुसली.

बाहेर पडल्यावर मी त्यांची माफी मागायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं. "तुमची नोकरी गेली, मास्तर. तुमी बोलूकच होया होतास. गप रवला असतास तर माका जड गेला असता."

पुढे रॉकेटं एका शाळेच्या वहीत गेली. ती वही तिकिटांच्या खणात असे, आणि मागितली की ते आनंदाने दाखवत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केरळच्या किनाऱ्यावरून आपल्या देशातलं पहिलं रॉकेट उडालं. मी वर्तमानपत्र घेऊन मधल्या सुट्टीत धावतच गेलो. त्यांनी बातमी दोनदा वाचली.

"म्हणजे ह्योच दर्या," ते म्हणाले.

"हो, हाच. खाली दक्षिणेला."

त्यांनी तिकडे मान वळवली. मग विचारलं, "सुटाच्या आधी थंयच्या होड्यो बाजूक केल्यानी काय?"

बातमीत ते नव्हतं. मी म्हटलं, केल्या असतील. वहीत त्यांनी रॉकेट लिहिलं आणि पुढे 'होड्या?' असं लिहून जागा मोकळी सोडली.

दोनेक वर्षांनी ते निवृत्त झाले आणि मिठबावला बहिणीकडे राहायला गेले. मी मालवणातच राहिलो. लग्न झालं, त्याच शाळेत चढत गेलो. मुंबईच्या दोन खोल्यांची आठवण येते, पण त्यात आता कळ नाही.

एकोणसत्तरच्या जुलैत, माणसं चंद्राकडे निघालेली असताना, एका रविवारी मी एस्टीने मिठबावला गेलो. पाऊस धरून होता. बोटवाल्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांनी माझा हात चाचपून ओळखला. मी वर्तमानपत्र आणलं होतं, ते पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवलं. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी सुटलं हे ऐकून त्यांनी मान हलवली, पण चेहरा सैल झाला नाही.

"आनंद नाही झाला?" मी विचारलं.

"गेले ता बरा झाला. येऊ दे परत." मग बहिणीला म्हणाले, "गो, मास्तरांक सोलकढी दी."

दोघे चंद्रावर चालले आणि तिघेही समुद्रात सुखरूप उतरले, तेव्हा मी त्यांना कार्ड टाकलं. भाद्रपदाच्या सुरुवातीला उत्तर आलं, भाचीच्या हातचं. बोटवाले वारल्याचं मला त्यानंतर महिन्याभराने कळलं. कार्डावर माझी, माझ्या मुलांची चौकशी होती, पाऊस कसा आहे ते होतं, आणि खाली त्यांनी सांगितलेलं एक वाक्य होतं.

'तिघे परत आले हे ऐकून बरे वाटले. त्यांच्या घरी कोणी लगेच जाऊन सांगितले ना, तेवढे कळवावे.'